तुम्ही विचारलंत म्हणून: मग मासे मरत का नाहीत?

मी माशांच्या यकृताचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहते हे कळलं की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग हमखास विचारतो, "पाण्यात इतकं विष आहे म्हणता, तर मग मासे मरत का नाहीत?" पूर्वी मी आकडे फेकायचे, अब्जात इतके भाग वगैरे. ऐकणाऱ्याचे डोळे जड व्हायचे. आता दुसरीकडून सुरुवात करते.

स्योरेन येन्सेन नावाचा स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ डीडीटीचे अंश शोधत होता. त्याच्या आलेखांवर डीडीटीच्या नसलेल्या भलत्याच शेंड्या उमटत राहिल्या. त्या पीसीबीच्या होत्या, हे त्यानं १९६६ साली जाहीर केलं. पीसीबी म्हणजे पूर्वी ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरलं जायचं ते रसायन. ते पाइक माशांत सापडलं, गरुडात सापडलं आणि येन्सेनच्या स्वतःच्या घरच्यांच्या केसांतही. त्या माशांकडे नुसतं बघून कुणाला काही कळलं असतं, असं मला वाटत नाही.

कारण ही रसायनं लपतात. पीसीबी, डीडीटी, डायॉक्सिन यांचं पाण्याशी जमत नाही, चरबीशी जमतं. माशाच्या अंगात शिरली की बरीचशी चरबीत जाऊन बसतात आणि तिथं असेपर्यंत फारसा त्रास देत नाहीत. थोडी मात्र यकृतात पोचतात, आणि माझा बहुतेक वेळ त्या थोड्यांमागेच जातो.

पेशीत एएचआर नावाचं एक ग्राही प्रथिन असतं. सपाट आकाराचा परका रेणू चिकटला की ते केंद्रकात जाऊन वर्दी देतं आणि सायटोक्रोम कुळातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, भराभर तयार होऊ लागतं. धुरातले, खनिज तेलातले कितीतरी रेणू हे विकर फोडतं. सपाट पीसीबीपुढे मात्र ते अडतं, कारण मोक्याच्या जागा क्लोरीननं आधीच अडवलेल्या असतात. मग विकर त्या रेणूला नुसतं धरून बसतं. त्याला फोडण्यासाठी आणलेले इलेक्ट्रॉन गळतात आणि ऑक्सिजनच्या गळ्यात पडतात. असा बिथरलेला ऑक्सिजन पेशीच्या पटलातली चरबी खवट करतो, डीएनएला इजा करतो, मायटोकॉन्ड्रियाचं काम बिघडवतो. खवट हा शब्द मी उगाच वापरत नाही. जुनं तेल खवट होतं, त्याच जातीची ही प्रक्रिया आहे, फक्त जिवंत पेशीत चाललेली.

पेशी हे सोसते. ग्लुटाथायोन नावाचा संरक्षक रेणू बनवून ऑक्सिजनला आवरते, बिघडलेली प्रथिनं मोडून नवी घडवते. पण या डागडुजीची ऊर्जा वाढीच्या आणि अंड्यांच्याच वाट्यातून जाते. बाहेरून मासा ठीकठाक दिसतो. वजन थोडं कमी भरतं, एवढंच.

पीएफओएस या फ्लोरीनयुक्त रसायनाचा कावा निराळा. त्याला चरबीत लपायची गरजच नाही. त्याचा रेणू मेदाम्लासारखा दिसतो, म्हणून रक्तातली आणि यकृतातली मेदाम्लं वाहून नेणारी प्रथिनं त्यालाच उचलतात. मेदाम्लांचा हिशेब असा चुकत गेला की यकृताच्या पेशीत चरबीचे थेंब साठतात. काचपट्टीवर ते रिकाम्या गोल भोकांसारखे दिसतात, कारण काप तयार करताना चरबी धुऊन गेलेली असते. या रसायनावर चिवट विषारी रसायनांविषयीच्या स्टॉकहोम कराराखाली निर्बंध आले ते २००९ साली.

पुन्हा चरबीकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे. "आर्क्टिक चार" नावाचा मासा उन्हाळ्यात खाऊन गुबगुबीत होतो आणि हिवाळाभर जवळपास उपाशी राहतो. चरबी जळते, पीसीबी जळत नाही. ते सुटून मेंदूकडे, यकृताकडे सरकतं. अंगातलं एकूण विष फारसं वाढलेलं नसतं, पण आता ते जिथं लागतं तिथं असतं. युरोपातला ईल तर अंडी घालायला काही न खाता हजारो किलोमीटर पोहत सारगॅसो समुद्राकडे जातो. प्रवासही साठवलेल्या चरबीवर आणि अंडीही त्याच चरबीतून.

काही मासे तगलेही, हे सांगायला हवं. अमेरिकेतल्या हडसन नदीत १९४७ ते १९७७ अशी तीस वर्षं पीसीबी सोडलं गेलं. तिथल्या टॉमकॉड माशांच्या एएचआरच्या जनुकातली सहा अक्षरं गळालेली आहेत, असं २०११ मध्ये दिसून आलं. ग्राही प्रथिन ढिलं पडलं, विषाला नीट पकड मिळेना. मासे जगले आणि अंगात पीसीबी बाळगत राहिले. मग त्यांना खाणाऱ्यांच्या पोटात ते गेलं. हे ऐकून काहीजण "बघा, निसर्ग मार्ग काढतो" म्हणतात, तेव्हा मी विषय बदलते.

मेलेले मासे कुठे आहेत, असं कुणी फारच खोदून विचारलं तर मी उत्तर अमेरिकेतल्या ऑन्टॅरिओ सरोवरातल्या लेक ट्राउट माशांचं सांगते. बेसुमार मासेमारी आणि रक्त शोषणाऱ्या लॅम्प्रेनी त्यांना आधीच घेरलं होतं. पुढे तळातल्या गाळाचे थर तपासून हिशेब मांडला गेला, तेव्हा कळलं की विसाव्या शतकाच्या मध्यावर कित्येक वर्षं अंड्यांत उतरणारं डायॉक्सिनसारखं विषच पिल्लं मारायला पुरेसं होतं. मोठा मासा ज्या मात्रेत आरामात पोहतो, त्याहून फार कमी मात्रा भ्रूणाला पुरते. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं, पण पोटाला लटकणारी बलकाची पिशवी निळसर पाण्यानं फुगते, हृदय मंदावतं. बोटाच्या पेराएवढं ते पिल्लू तळाच्या दगडांच्या फटीत पडून राहतं. वर तरंगत येतच नाही.