डिश, नोंद ४ : नाभी मोजली, पण कुठून?

सूर्यचुलीच्या डिशमधली चूक सापडली! सांगाड्याच्या बरगड्यांत नव्हती, पत्र्यात नव्हती, बरगड्या कापायच्या फर्म्याच्या (साच्याच्या) समीकरणात होती.

मागच्या वेळी लिहिलं होतं, १४० सेंटिमीटरची डिश उभी झाली, पण उजेड एका जागी येत नाही. पंधरा दिवस मी पत्र्यालाच दोष देत होतो. रविवारी भर उन्हात दोन तास ठेवूनही तुरीची डाळ बोटानं चेपेना. माय म्हणाली, "काहून रे, दाळ तं तशीच हाय!" मग भांडं काढून डिशखाली गोवरी पेटवली आणि धूर आत सोडला. धुरात उजेडाचा शंकू स्वच्छ दिसला. भांड्याच्या कड्यापाशी परातीएवढा पसारा, टोक मात्र चार बोटं वर!

सुतारमामांना विचारलं, तर म्हणाले, "भाऊ, तुमी देल्ला तसाच फर्मा कापला मी." खरंच होतं.

प्लायची खालची कड मी क्ष-अक्ष धरली होती. शिरोबिंदू, म्हणजे वक्राचा सगळ्यात खालचा बिंदू, (०, ६). नाभी, म्हणजे उजेड एकवटतो तो बिंदू, (०, ४६). समीकरणात लागतं ते या दोघांमधलं अंतर, म्हणजे अ = ४०. मी टेप कडेपासून लावली आणि ४६ घेतले. त्यामुळे क्ष² = १६०(य − ६) ऐवजी क्ष² = १८४(य − ६) कापलं गेलं. काठाशी, क्ष = ७० ला, खोली ३०.६ हवी होती, झाली २६.६.

बरोबर समीकरण या वेळी आधी तपासलं. वक्राचा प्रत्येक बिंदू नाभीपासून जेवढा लांब, तेवढाच नियता नावाच्या रेषेपासून. ही नियता शिरोबिंदूच्या खाली ४०, म्हणजे य = −३४. काठाचा बिंदू (७०, ३६.६२५). नियतेपासून अंतर ७०.६२५. नाभीपासून ४९०० + ८७.८९ चं वर्गमूळ, तेही ७०.६२५! वही मांडीवर घेऊन बराच वेळ त्या दोन आकड्यांकडेच बघत बसलो.

बाराही बरगड्या नव्यानं कापायच्या ठरवल्या होत्या. पण कापलेला वक्रही अन्वस्तच (पॅराबोला) आहे, त्याची नाभी फक्त शिरोबिंदूपासून ४० ऐवजी ४६ वर आहे. म्हणून भांड्याचं कडं ६ सेंटिमीटर उचललं. काल डाळ शिजली, घोटायचीही गरज पडली नाही.

पत्र्याबद्दलचं मत मात्र कायम. चिकटपट्टीच्या चकचकीत कागदाला आमच्या उन्हात फुगे येतात, ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमच घ्या. महाग पडतं, पण घ्याच.

आता अडचण वाऱ्याची. भांडं काठाच्या १९ सेंटिमीटर वर उघडं राहतं, झुळूक आली की थंड पडतं. हे लिहिता लिहिताच सुचलं, अ = ३५ घेतला तर? क्ष² = १४०(य − ६). क्ष = ७० ला खोली बरोबर ३५, म्हणजे नाभी काठाच्या पातळीत, आणि नाभिलंब (नाभीतून जाणारी वक्राची आडवी जीवा) थेट डिशच्या व्यासाएवढा. भांड्याचं बूड काठाच्या आडोशाला येईल. जुनी डिश राहू द्यायची, दुसरी खोल बनवायची. प्लाय आणायला बुधवारी आर्वीला जातोय. फर्म्यावर या वेळी सगळ्यात आधी शिरोबिंदूला खिळा ठोकणार, टेप तिथूनच लावणार.