सात वारांचे सात वस्तरे, आणि ते बघायचे कसे

जुन्या वस्तऱ्यांचा सेट समोर आला की बहुतेक लोक पेटी उघडून आधी चमक बघतात. मी चमक सगळ्यात शेवटी बघतो. आधी सातही वस्तरे उघडून एका ओळीत ठेवायचे आणि पात्यांची रुंदी बघायची, कारण सेटला किंमत असते ती सातही सुरुवातीपासून एकत्र राहिलेत म्हणून, आणि ते कळतं झिजेवरून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पूर्वी विलायतेत पैसेवाल्या लोकांकडे आठवड्याचा सेट असायचा. लांबट लाकडी पेटी, आत मखमल, सात खाचा, आणि प्रत्येक पात्याच्या पाठीवर वार कोरलेला, संडे मंडे ट्यूसडे असा. रोज एक वापरायचा, बाकी सहा ठेवून द्यायचे, पात्याला आराम मिळाला की धार चांगली राहते असं तेव्हा लोक मानायचे. दोन-दोनचे, चार-चारचे सेटपण निघायचे. माल बहुतेक इंग्लंडमधल्या शेफिल्डचा नाहीतर जर्मनीतल्या झोलिंगेनचा. १९०३ मध्ये जिलेटचा ब्लेड बदलायचा रेझर बाजारात आला आणि मग हळूहळू घरोघरचे वस्तरे पेटीसकट माळ्यावर गेले.

मुंबईत असं काही बघायचं तर चोर बाजारातली मटन स्ट्रीट. शुक्रवारी तिथली दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो, पहाटे गेलात तरच काही हाती लागतं. खिशात भिंग, स्टीलची छोटी पट्टी, टॉर्च आणि सुती फडकं एवढं असलं की पुरे.

मागे तिथेच एक सात वारांचा सेट बघायला मिळाला, पेटीचं कुलूप तुटलेलं, मखमल एका कोपऱ्यात उंदरानं कुरतडलेली, आणि दुकानदार एकच धरून बसलेला, "साहब, ओरिजिनल विलायती है, पॉलिश करवा के देता हूँ, एकदम नया लगेगा." मी म्हटलं चाचा, पॉलिश अजिबात नको, आहे तसाच द्या. सातही पाती ओळीत लावली. सहा पाती जवळपास एकसारखी झिजलेली, पट्टीवर फरक दिसेना, आणि रविवारचं मात्र इतरांपेक्षा थोडं रुंद. म्हणजे रविवारचा वस्तरा कमी वेळा धार लावायच्या दगडावर गेलेला. मालक त्या दिवशी दाढी करत नसेल किंवा न्हावी घरी येत असेल, काय माहीत, पण अशी झीज कोणी मुद्दाम जुळवून आणू शकत नाही, आणि मला ते बघून इतका आनंद झाला की मी भावात फार घासाघीस केलीच नाही.

झीज नेमकी कुठे बघायची तेही सांगतो. दगडावर वस्तरा सपाट ठेवून घासतात, म्हणजे धार आणि पाठ दोन्ही एकदम दगडाला टेकतात, त्यामुळे पाठीच्या दोन्ही बाजूंना एक चपटी पट्टी तयार होते. ती बारीक आणि सगळीकडे सारखी असेल तर वस्तरा जाणत्या हातात होता. टोकाकडे रुंद आणि मुठीकडे बारीक असेल तर कोणीतरी दाबून घासलाय, धारही मग सरळ राहत नाही. गंज असेल तर कुठे आहे ते महत्त्वाचं. मुठीकडच्या दांडीवर काळे ठिपके असले तरी मी घेतो, धारेपाशी खड्डे असतील तर ते पातं संपलं.

जोडलेला सेट ओळखायचा तर दांडीवरचे शिक्के भिंगाखाली धरा. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा तारा आणि माल्टीज क्रॉस सहा वस्तऱ्यांवर आहे आणि सातव्यावर नुसतंच शेफिल्ड, तर सातवा कुठून तरी आणून घातलाय. मुठीच्या पितळी खिळ्यांच्या चकत्यापण जुळल्या पाहिजेत. शिक्क्याखाली इंग्लंड किंवा जर्मनी असं देशाचं नाव असेल तर माल बहुतेक १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेनं १८९० च्या कायद्यानं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. पण नाव नाही म्हणून लगेच जुना असं धरून चालू नका, सगळा माल काही अमेरिकेला जात नव्हता.

आणि पॉलिश. बफिंगच्या चाकावर गेलेला सेट मला बघवत नाही. वाराच्या अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या गोल होतात, सोनेरी मुलामा असेल तर तो जातो, चाकाखाली पातं तापलं तर पोलादाचा कडकपणापण जातो. कोरलेलं अक्षर बोटाला टोचल्यासारखं लागलं पाहिजे.

मुठीबद्दल एक गंभीर गोष्ट. पांढरी मूठ हस्तिदंती निघाली तर तो सेट तिथेच ठेवा, कितीही सुंदर असला तरी. आपल्याकडे वन्यजीव कायद्यानं हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, आफ्रिकेतून आलेल्या हस्तिदंताचासुद्धा, १९९१ च्या दुरुस्तीनं. हाडाच्या मुठीत भिंगातून बारीक काळपट ठिपके आणि रेघा दिसतात. सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक, असेल तर अंगठ्यानं जोरात चोळून वास घ्या, कापराचा येतो, कारण त्यात कापूरच घातलेला असतो.

या सेल्युलॉइडवर नंतरही नजर ठेवावी लागते. ते कुजायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि फक्त त्याच वस्तऱ्याला नाही, शेजारच्यालाही गंज चढतो. एखाद्या सेटमध्ये एकच पातं गंजलंय आणि तेही मूठ जिथे टेकते तिथेच, तर कारण बहुतेक हेच. असा वस्तरा लगेच वेगळा काढायचा.

आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींनासुद्धा ओल येते, त्यामुळे जूनच्या आधी मी पेटी रिकामी करतो. मखमल ओल धरून ठेवते आणि ती पात्याला चिकटून असते. प्रत्येक पातं पुसायचं, शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात फिरवायचा, सुती कापडात गुंडाळायचं आणि सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं. ऑक्टोबर हीट सुरू झाली की परत सगळे पेटीत, आपापल्या वारी.