कलम ७४ : अपिलाला घातलेली मर्यादा
ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेतील कलम ७४ मला फार मोलाचे वाटते. केंद्र आणि राज्ये यांच्या अधिकारांच्या परस्पर मर्यादांविषयी तेथील हायकोर्टाने, म्हणजे त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, दिलेल्या निर्णयावर, त्याच न्यायालयाने प्रमाणपत्र दिल्याखेरीज, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातील अखेरच्या अपील न्यायालयाकडे, अपील करता येत नसे. १९०० साली ब्रिटनचे वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन अपिलाचा मार्ग खुला ठेवण्याचा आग्रह धरून बसले असताना बार्टन, डीकिन आणि किंग्स्टन या ऑस्ट्रेलियन प्रतिनिधींनी झगडून निदान एवढे राखले, ही माझ्या मते मोठी कामगिरी होती. असे प्रमाणपत्र एकदाच, १९१२ मध्ये, कलोनियल शुगर रिफायनिंग कंपनीच्या खटल्यात मिळाले. पुढे १९८५ मध्ये क्वीन्सलंड राज्याची अशा प्रमाणपत्राची मागणी फेटाळताना हायकोर्टाने प्रमाणपत्र देण्याचा हा अधिकारच कालबाह्य झाल्याचे स्पष्ट केले. कलमाचा मजकूर मात्र घटनेत अजूनही तसाच आहे.