आज्जीचे शेरे आणि स्टुअर्ट हॉल

ऑगस्टचा पहिला आठवडा, सकाळी साडेसातचा तास. फळ्यावर ‘संस्कृती-उद्योग : ॲडॉर्नो आणि हॉर्कहायमर, १९४४’ असं लिहून मी व्याख्या सांगायला लागले आणि एकतीस मुलं माना खाली घालून ती उतरवून घ्यायला लागली. तास संपताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, ह्यातलं परीक्षेला आयएमपी कुठलं?” मला राग आला नाही, वाईट वाटलं. अख्ख्या तासात दुसरं काही विचारावंसं वाटेल असं मी त्यांना दिलंच नव्हतं.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तासिका तत्त्वावर पत्रकारिता शिकवते. तिसऱ्या वर्षाचा ‘माध्यमं आणि संस्कृती’ हा पेपर माझ्याकडे पहिल्यांदाच आला होता. मी स्वतः हा विषय प्राध्यापकीसाठी लागणाऱ्या ‘नेट’ परीक्षेपुरता पाठ केलेला : कोण विचारवंत, कुठलं साल, कुठली संज्ञा. परीक्षेला तेवढं पुरलं, वर्गात पुरेना. मुलं मराठी माध्यमाची. काही जण पहाटे डेअरीला दूध घालून येतात, बाकीची पहिल्या एस.टी.ने. नाझी जर्मनी सोडून अमेरिकेत आलेल्या ॲडॉर्नो आणि हॉर्कहायमर या दोन तत्त्वज्ञांना तिथला सिनेमा आणि रेडिओ कारखान्यातल्या मालासारखा का वाटला, हे त्यांच्यापर्यंत पोचवायला माझ्याकडे वाटच नव्हती.

त्या आठवड्यात मी पेपरचा क्रम मोडला आणि आधी स्टुअर्ट हॉल घेतला. हॉल मूळचा जमैकाचा. १९५१ साली शिकायला ऑक्सफर्डला आला आणि पुढे बर्मिंगहॅमच्या संस्कृती-अभ्यास केंद्राचा प्रमुख झाला. १९७३ च्या निबंधात त्याने मांडलेली गोष्ट सांगायला सोपी आहे : कार्यक्रम करणारे त्यात एक अर्थ भरतात, पण बघणारा तोच अर्थ उचलेल याची खात्री नसते. कुणी तो जसाच्या तसा घेतो, कुणी थोडं मान्य करून थोडं आपल्या अनुभवाला जुळवून घेतो, कुणी सरळ उलटं वाचतो. पुस्तकी मराठीत याला संकेतन आणि विसंकेतन म्हणतात. मी शब्द फळ्यावर लिहिले, पण व्याख्या सांगितली नाही. म्हटलं, आठ दिवस घरी मालिका लागते तेव्हा वही घेऊन बसा. पडद्यावर काय चाललंय आणि घरातलं कोण काय बोललं, एवढंच लिहा. स्वतःचं मत लिहू नका.

सोमवारी वह्या आल्या. काही जणांनी कथानक उतरवलं होतं, दोघांनी एकमेकांचं बघून लिहिलं होतं. एका मुलीची वही मात्र मी तासाआधी स्टाफरूममध्ये उभ्या उभ्याच वाचून काढली. समासात वेळ आणि पुढे नोंद :

“सव्वाआठ. सून रडते. आज्जी : रडतीय कशाला, माहेरी जा की दोन दिवस. आई काही बोलली नाही. भांडी घासायला उठली.

आठ वीस. सून नथ, पाटल्या घालून भाकरी करते. आज्जी : एवढं दागिनं घालून कोण गं भाकऱ्या थापतंय? पण पोरगी गुणाची हाय.

जाहिरात. आजोबा बातम्या लावा म्हणाले. आज्जीनं रिमोट दिला नाही.”

तिच्या परवानगीने मी हे वर्गात वाचून दाखवलं. मुलं आधी खूप हसली, मग बोलायला लागली. दागिन्यांवर हसणारी आज्जी सुनेचं गुणाचं असणं मान्य करते, म्हणजे हे तडजोडीचं वाचन, हे त्यांनीच सांगितलं. “माहेरी जा की” हे विरोधी, यावर मात्र दोन तट पडले. एकाचं म्हणणं, दोनच दिवस जा म्हणतेय, म्हणजे परत यायचंच आहे. मग पहिल्या बाकावरच्या, वर्षभरात फारशी न बोललेल्या मुलीने विचारलं, “मॅडम, आई काही न बोलता उठली, ते कशात धरायचं?” हॉलच्या तीन खान्यांत मला त्याला जागा सापडली नाही, आणि तसं मी सांगितलं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला तास होता.

पुढच्या तासाला डेव्हिड मॉर्ली हा ब्रिटिश माध्यम-अभ्यासक ओघानेच आला. त्याने बीबीसीच्या एका चालू घडामोडींच्या कार्यक्रमाचे भाग वेगवेगळ्या गटांना दाखवून त्यांची चर्चा टिपली आणि ती १९८० साली प्रसिद्ध केली. कामगार संघटनांचे कार्यकर्ते कार्यक्रमावर तुटून पडले, पण कामगार घरांतलीच शिकाऊ मुलं बँक मॅनेजरांसारखाच अर्थ लावत होती. “मग गरीब-श्रीमंतावरून ठरत नाही तर,” असं एक जण म्हणाला. नुसतं तेवढ्यावरून नाही, मी म्हटलं, आणि तिथून ग्राम्शीकडे वळले.

‘धुरीणत्व’ हा शब्द मुलांना दगडासारखा वाटत होता. इटलीच्या तुरुंगात ग्राम्शीने वह्यांमध्ये लिहिलेला विचार मी एवढ्यावर आणला : धाक न दाखवता, समोरच्याच्या राजीखुशीने चालणारी सत्ता. उदाहरण मागितलं तर तोच मुलगा म्हणाला, “आमच्यात आई शेवटी जेवती. कुणी सांगत नाही तिला. रीतच आहे.” बराच वेळ वर्गात कुणी काही बोललं नाही. ‘रीतच आहे’ हे शब्द मी फळ्यावर धुरीणत्वाच्या शेजारी लिहिले आणि सत्र संपेपर्यंत तेच वापरले. माझं ठाम मत झालंय की पारिभाषिक शब्द आधी शिकवू नये. आधी गोष्ट, मग तिचं नाव.

‘माध्यम हाच संदेश’ म्हणणारा मॅकलुहान दोन तासांत आटोपला. मुलांना तो आवडला, मला फारसा नाही.

जर्मन विचारवंत हाबरमासचं ‘सार्वजनिक क्षेत्र’, म्हणजे लोकांनी एकत्र येऊन सगळ्यांच्या प्रश्नांवर खुली चर्चा करायची जागा, घेताना मी धास्तावले होते. अठराव्या शतकातली लंडनची कॉफीगृहं, तिथे वर्तमानपत्रं वाचून वाद घालणारे नागरिक, हे किती दूरचं! म्हणून सुरुवात ३१ जानेवारी १९२० पासून केली, बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला त्या दिवसापासून. त्याच्या शिरोभागी तुकोबांची ओळ होती, “काय करूं आतां धरूनिया भीड, निःशंक हें तोंड वाजविलें.” पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापायला नकार दिला होता, हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय. मग मी विचारलं, सगळ्यांना बोलायला खुली म्हणतात ती जागा खरंच कुणाकुणाला खुली होती? कॉफीगृहांकडे गेलो तेव्हा मुलांनी आपणहून विचारलं, तिथे बायका होत्या का? नोकर होते का? हाबरमासवर टीकाकारांनी घेतलेले मोठे आक्षेप माझ्या वर्गाने पुस्तक न उघडता घेतले. याचा मला फार अभिमान वाटतो.

शेवटचा भाग मोबाइलचा. लग्नाच्या फोटोग्राफरकडे रील कापायचं काम करणारा एक मुलगा वर्गात आहे. पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे, हे त्याला मालकाने शिकवलंय. डॅलस स्मायथ या माध्यम-अभ्यासकाने १९७७ साली लिहिलं की जाहिरातींवर चालणारी माध्यमं प्रेक्षक तयार करतात आणि तो जाहिरातदारांना विकतात. हे ऐकून तो म्हणाला, “म्हणजे मी पोतं भरून देतोय.” मार्केट यार्डात त्याच्या वडिलांची हमाली आहे. त्यानंतर आम्ही ॲडॉर्नोकडे परत गेलो. या वेळी कुणी आयएमपी विचारलं नाही. “पण माझी आज्जी तर हसते त्या दागिन्यांना, मग ह्यांचं कसं खरं?” असा वाद झाला.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. मराठी संज्ञा त्यांना चालतील की नाही याची मला काळजी होती, म्हणून मूळ नावंही देवनागरीत पाठ करून घेतली होती. वहीवाल्या मुलीला त्यांनी विचारलं, तुमची आज्जी तिघांपैकी कुठल्या गटात?

“सर, एका वाक्यात तडजोड करते आणि पुढच्या वाक्यात विरोध. एक खाना पुरत नाही.”

त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, गुण लिहिले आणि पुढचं नाव पुकारलं. गेल्या आठवड्यात ती वही परत न्यायला आली होती. म्हणाली, आज्जी रोज विचारते, मॅडमनी माझं वाचलं का म्हणून.