साल्वे रेजिना बसवताना पेटीवर फक्त सा

साल्वे रेजिना हे मारियेचं लॅटिन स्तोत्र. जुन्या रिवाजाप्रमाणे ते पवित्र त्रैक्याच्या रविवारपासून (मे-जून) नाताळाआधीचा आगमनकाळ लागेपर्यंत, रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर गातात. म्हणजे कोकणातला अख्खा पावसाळा आणि वर दिवाळी. रचना ११व्या शतकातल्या रायखेनाउच्या हर्मानची, असं परंपरा सांगते. अभ्यासकांना तेवढी खात्री नाही.

चाली दोन. भारदस्त चाल पहिल्या मोडमधली (मोड म्हणजे चर्चच्या गायनातला थाट), शेवटचा स्वर सा धरला तर आपला काफी थाट. पहिले चार स्वर प म प सा. ऐकायला अप्रतिम, पण वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या कुठल्याही गावच्या गायकवृंदाने आधी साधी चाल घ्यावी. ती बरीच नंतरची, पाचव्या मोडमधली, जवळपास बिलावलच. साल्-वे रे-जि-ना: सा ग प ध प. इथे भूपाची सवय नडते. गळे मींड घेतात, आणि पुढे भूपात नसलेला शुद्ध मध्यम आला की चाचरतात. प्रत्येक स्वर सरळ, न घसरता लावायचा.

चाल पुस्तकात चार रेघांच्या स्वरलिपीत असते. तिथे डावीकडची खूण 'दो' (दो-रे-मी-फातला) कुठे ते दाखवते. तो सा समजू नका. या चालीचा सा 'फा'वर आहे.

तार सा गाठावा लागतो, म्हणून पट्टी पांढरी दोन ठेवा. काळी चार घेतली की बायका किंचाळतात आणि पुरुष गप्प होतात.

पेटीवर फक्त सा, फार तर सा-प. चाल वाजवू नका. वाजवली की सगळे पेटीची वाट बघतात, आणि दोन ओळींत त्याचा दादरा होतो. या गाण्याला ताल नाही, लय शब्दांच्या आघातांवर चालते: मिझेरि-कोर्-दिए, जोर 'कोर्'वर. टिंब असलेला स्वर साधारण दुप्पट लांबवायचा. श्वास उभ्या रेघेवरच. (पावसात लाकूड फुगून पट्टी अडकते. अडकलेली पट्टी नेमकी साची निघाली तर उलट सोयच.)

उच्चारात मराठी माणूस निम्मी लढाई जिंकूनच येतो, कारण लॅटिनचा त आपलाच दंत्य त. इंग्रजी शाळेतली मुलं मात्र 'ओस्टेंडे' म्हणतात. त्यांना 'ओस्तेंदे' म्हणायला लावा. रेजिना, दुल्चिस, जेमेंतेस, येसुम. 'हेवे' लिहिलेलं दिसलं तरी ह मुका: 'एवे'. 'फिलिई'त दोन्ही इ ऐकू यायला हव्यात. 'वाल्ले'तला जोडलेला ल सुटा करू नका.

पुस्तकात तारा आहे तिथपर्यंत एकानेच गायचं, मग सगळ्यांनी. शेवटी 'ओ क्लेमेन्स, ओ पिया, ओ दुल्चिस'. इथे 'ओ' आणि पुढच्या शब्दाच्या मध्ये श्वास तोडला की सगळं फसतं. दम पुरत नसेल तर शेजाऱ्यांनी आळीपाळीने, लांबवलेल्या स्वरात चोरून घ्यावा. तिसरा 'ओ' सर्वांत लांब. त्याआधीच्या रेघेवर छाती भरून घ्या.