३० अँपच्या ट्रेलरला सर्ज प्रोटेक्टर: निवड झाली, जोडणी झाली

बॅटरी आणि सोलरचं काम मार्गी लागल्यावर आता १२० व्होल्टच्या बाजूला हात घातला. कॅम्पग्राउंडच्या पेडेस्टलपासून (प्रत्येक जागेवरचा विजेचा खांब) ट्रेलरच्या ब्रेकर पॅनलपर्यंतची ही वाट. तिथे आजवर प्लग आणि केबल यांच्याशिवाय काहीच नव्हतं. लाइनवरच्या झटक्यांपासून वाचवणारं युनिट निवडलं, बसवलं, भर उन्हाळ्यात वापरूनही पाहिलं. निवडीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा आणि आरव्हीत (ट्रेलरसारख्या फिरत्या घरात) प्रत्यक्षात होणारं नुकसान यांचा संबंध फार थोडा आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

तो आकडा ज्यूलचा. सर्ज प्रोटेक्टरमध्ये एमओव्ही नावाच्या चकत्या असतात. नेहमीच्या व्होल्टेजला त्या गप्प असतात. वीज पडली किंवा लाइनवर मोठा झटका आला की नॅनोसेकंदांत वाहू लागतात आणि ती ऊर्जा स्वतः पचवतात. दर झटक्याला चकती थोडी झिजते. एकूण किती पचवता येईल, त्याचा अंदाज म्हणजे ज्यूल. इथवर ठीक आहे. पण ही चकती मायक्रोसेकंदांच्या झटक्यासाठी असते. १२० व्होल्टच्या लाइनवर लावायच्या चकत्या साधारण १५० व्होल्टपर्यंतच सतत सोसू शकतात. तिथे २४० व्होल्ट येऊन मुक्काम ठोकला, तर चकती तापते, जळते, आणि पुढचं सगळं उघडं पडतं. ज्यूल दुप्पट घेतले तर एवढंच होईल की जळायला जरा जास्त वेळ लागेल.

आणि २४० व्होल्ट येणं ही काही दूरची शक्यता नाही. आपल्या ३० अँपच्या ट्रेलरचा प्लग टीटी-३० प्रकारचा, म्हणजे एक फेज, एक न्यूट्रल, एक अर्थिंग, १२० व्होल्ट, जास्तीत जास्त ३,६०० वॉट. तो दिसायला कपडे वाळवायच्या यंत्राच्या जुन्या ३० अँपच्या सॉकेटसारखा, आणि ते सॉकेट असतं २४० व्होल्टचं. घराशेजारी ट्रेलर लावायला कुणी इलेक्ट्रिशियन बोलावला आणि त्याने कधी आरव्ही पाहिलेली नसली, तर तो "३० अँप, तीन पिना, म्हणजे २४०" असं धरून दोन फेज जोडून मोकळा होतो. मग मायक्रोवेव्ह, बॅटरी चार्ज करणारा कन्व्हर्टर, टीव्ही, सगळं एका दमात जातं. घरी नवीन सॉकेट बसवून घेतलं असेल तर ट्रेलर जोडण्याआधी मल्टीमीटर लावाच. फेज-न्यूट्रल १२०, फेज-अर्थिंग १२०, न्यूट्रल-अर्थिंग जवळजवळ शून्य. हे तीन आकडे जुळल्याशिवाय प्लगला हात लावू नका.

५० अँपवाल्यांचा धोका वेगळा आहे आणि माझ्या मते जास्त वाईट. त्यांच्याकडे दोन फेज येतात, दोन्हींत २४० व्होल्टचा फरक आणि न्यूट्रलपासून प्रत्येकी १२०. मधली न्यूट्रल सैल झाली किंवा तुटली की दोन्ही बाजूंची उपकरणं २४० व्होल्टवर एकामागे एक जोडल्यासारखी होतात. गणित करून बघा. एका फेजवर १,५०० वॉटचा हीटर, म्हणजे ९.६ ओहम. दुसऱ्यावर टीव्ही आणि चार्जर धरून १०० वॉट, म्हणजे १४४ ओहम. एकूण १५३.६ ओहम, करंट साधारण १.५६ अँप. हीटरच्या वाट्याला १५ व्होल्ट आणि टीव्हीच्या वाट्याला २२५. म्हणजे दणकट हीटर थंड पडतो आणि नाजूक वस्तू जळते. इतक्या कमी करंटला ब्रेकर पडण्याचा प्रश्नच येत नाही.

पण ज्या गोष्टीमुळे मी खरोखर पैसे बाहेर काढले ती याच्या उलट आहे: कमी व्होल्टेज. ते कुणाच्या लक्षातही येत नाही. दिवे लागतात, टीव्ही चालतो, आणि एसीचा कंप्रेसर मात्र आतल्या आत भाजत असतो. व्होल्टेज उतरलं की मोटर तेवढ्याच कामासाठी जास्त करंट ओढते आणि गुंडाळी तापते. सुरू होताना तर नेहमीच्या कित्येक पट करंट लागतो. तेवढ्यात व्होल्टेज आणखी बसलं, तर कंप्रेसर फिरतच नाही, नुसता घुमतो.

कॅम्पग्राउंडमध्येच हे का होतं, याचं कारण नियमातच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेचं ५५१ वं प्रकरण आरव्ही आणि आरव्ही पार्क यांच्यासाठी आहे. पार्कची मुख्य केबल किती जाड हवी हे ठरवताना, ३६ किंवा त्याहून जास्त जागा असतील तर एकूण लोडच्या ४१ टक्केच धरायची मुभा त्यात दिली आहे. सगळे एकाच वेळी पूर्ण वीज ओढणार नाहीत, हा हिशेब. एरवी तो बरोबरही ठरतो. पण ऐन उन्हाळ्यात, सुट्टीच्या दिवशी, दुपारी तीनला प्रत्येक छपरावरचा एसी चालू असतो. रांगेतल्या शेवटच्या पेडेस्टलवर तुम्ही असाल तर काय उरतं ते पाहायला मिळतं.

तेव्हा निवडीचा प्रश्न साधा झाला. नुसता सर्ज प्रोटेक्टर नको, लाइन तपासून गरज पडली तर तोडणारं युनिट हवं. त्याला ईएमएस म्हणतात. त्यात चकत्या असतातच, शिवाय आत एक मोठा काँटॅक्टर, म्हणजे लाइन आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच असतो. वीज आत सोडण्याआधी ते व्होल्टेज, फेज-न्यूट्रलची अदलाबदल आणि अर्थिंग पाहतं, आणि नंतरही पाहत राहतं. मी प्रोग्रेसिव्ह इंडस्ट्रीजचं ईएमएस-एचडब्ल्यू३०सी घेतलं. १०४ व्होल्टच्या खाली किंवा १३२ च्या वर गेलं की ते लाइन तोडतं. ज्यूल १,७९०. यापेक्षा मोठा आकडा छापलेली युनिटं मिळतात, पण त्यातली काही व्होल्टेज उतरल्यावर नुसता दिवा लावतात, तोडत नाहीत. खरेदीच्या वेळी मी एकच प्रश्न धरून बसलो: बिघाड दिसल्यावर हे तोडतं की फक्त सांगतं? रात्री दोन वाजता नुसता दिवा लागून काय उपयोग?

पुन्हा वीज सोडण्याआधी ते थांबतं. हा वेळ १५ किंवा १३६ सेकंद असा ठेवता येतो. एसी असेल तर १३६ च ठेवा. कंप्रेसर बंद झाल्यावर आतला दाब समान व्हायला दोन-तीन मिनिटं जातात. त्याआधी तो सुरू करणं म्हणजे दाबाविरुद्ध ढकलणं.

पेडेस्टलला अडकवायचं की आत कायमचं बसवायचं, यावर बराच काळ घोळत होतो. अडकवायचं युनिट पुढच्या ट्रेलरलाही चालतं, बिघडलं तर काढून ठेवता येतं, आणि बिघाड ट्रेलरच्या केबलपर्यंतही येऊ देत नाही. हा शेवटचा मुद्दा वजनदार आहे. पण ते पावसात लटकतं, चोरीची धास्ती असते, आणि घाईत लावायचं राहून जाऊ शकतं. कायमचं बसवलेलं युनिट विसरताच येत नाही. माझ्यासाठी तिथेच निर्णय झाला. जे दर आठवड्याला ट्रेलर बदलून भाड्याने घेतात त्यांना अर्थातच पहिलं बरं.

जोडणीचं काम पलंगाखालच्या कप्प्यात केलं, जिथे बाहेरची केबल आत येते. ट्रान्सफर स्विच पेडेस्टल आणि जनरेटर यांपैकी एकाची वीज आत घेतो. त्याच्या आधी बसवलं की स्विचही सुरक्षित राहतो, पण जनरेटरची वीज तपासली जात नाही. नंतर बसवलं की दोन्ही तपासल्या जातात आणि स्विच मात्र उघडा राहतो. माझ्याकडे जनरेटर बाहेर ठेवून त्याच केबलने जोडायचा असतो, ट्रान्सफर स्विच नाहीच, त्यामुळे हा वाद आपोआप मिटला. वायर १० गेज तांब्याची. पेडेस्टलपासून केबल पूर्ण काढून ठेवली, बॅटरी आणि इन्व्हर्टर तोडले, मीटरने शून्य पाहिलं आणि मगच पॅनल उघडलं. प्रत्येक स्क्रू कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला आवळला आणि प्रत्येक वायर हाताने ओढून पाहिली. ट्रेलर रस्त्यावर सतत हादरत असतो, घरातल्या वायरिंगवर ही वेळ येत नाही.

या कामात एक वेगळीच गोष्ट हाती लागली. पेडेस्टलला लावायच्या प्लगची न्यूट्रल पिन बारकाईने पाहिली. बाकीच्या दोन पिना पितळी चकचकीत, ही मात्र मुळाशी निळसर-तपकिरी, आणि भोवतीचं रबर किंचित फुगून चकाकत होतं. बोटाने दाबलं तर कडक लागलं, बाकी प्लग मऊ. सैल सॉकेटात बसून बसून ती तापलेली. याचाही हिशेब करून पाहिला. १० गेजच्या २५ फुटी केबलमध्ये जाऊन येऊन ५० फूट तांबं, म्हणजे सुमारे ०.०५ ओहम. २५ अँपला जेमतेम सव्वा व्होल्ट पडतं. पण एका खराब स्पर्शबिंदूचा रोध नुसता ०.१ ओहम धरला, तर तिथे अडीच व्होल्ट जातं आणि त्या नखाएवढ्या जागेत ६२ वॉट उष्णता होते. ६० वॉटचा जुना बल्ब हातात धरवत नसे, ती उष्णता प्लगच्या आत. ही गोष्ट कुठलंच ईएमएस थेट पकडत नाही. प्लग कापून नवा बसवला. तुम्हीही प्रत्येक मुक्काम हलवताना पिनांकडे एक नजर टाका आणि तासभर एसी चालवल्यावर प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल, हात मागे घ्यावा लागला तर नाही.

आता वापराबद्दल. एका भरलेल्या कॅम्पग्राउंडवर सकाळी डिस्प्ले ११८ दाखवत होता. दुपारी आमचं काहीच चालू नसताना १११. एसी लावला, १०७. गीझर विजेवर होता, त्याची कॉइल लागली आणि खट्ट. १०३, आणि कोड ई४, म्हणजे कमी व्होल्टेज. गीझर आणि फ्रिज दोन्ही गॅसवर टाकले. गीझरची कॉइल एकटीच सुमारे १२ अँप ओढते, एसी १३ च्या आसपास. तेवढा लोड कमी केल्यावर १०७-१०८ वर स्थिर राहिलं. वीज कंपनीने दारापाशी द्यायची सामान्य मर्यादा एएनएसआय या अमेरिकी मानक संस्थेच्या सी८४.१ मानकानुसार ११४ ते १२६ आहे, तेव्हा १०७ काही चांगलं म्हणता येणार नाही. ऊन उतरेपर्यंत एसीही बंद ठेवला आणि छत्री टाकून बाहेर बसलो.

व्होल्टेज वाढवणारा ऑटोफॉर्मर घ्यावा का, असं काही जणांनी विचारलं होतं. तो साधारण १० टक्के वाढवून देतो, पण तेवढाच जास्त करंट पेडेस्टलमधून ओढतो. आधीच वाकलेल्या लाइनवर शेजाऱ्यांचं व्होल्टेज आणखी उतरवणं मला पटत नाही. मी घेणार नाही.

जनरेटरवर पहिल्यांदाच ई२ आला, अर्थिंग नसल्याचा. बिघाड नव्हता. छोट्या इन्व्हर्टर जनरेटरमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना जोडलेले नसतात, म्हणून ईएमएस नकार देतं. न्यूट्रल-अर्थिंग जोडणारा प्लग जनरेटरच्या मोकळ्या सॉकेटात लावला की चालतं. हा प्लग फक्त एकट्या जनरेटरसाठी. त्यावर लाल टेप गुंडाळून जनरेटरच्या पिशवीतच ठेवला आहे. पेडेस्टलच्या किंवा घराच्या सॉकेटात तो कधीही जाता कामा नये.

आणि एक मर्यादा ठळकपणे सांगायलाच हवी. हे युनिट अर्थिंगची वायर तोडत नाही. काही जुन्या सॉकेटांत अर्थिंगची वायरच नसते आणि कुणीतरी ती पिन न्यूट्रलला जोडून ठेवलेली असते. त्यात फेज-न्यूट्रल उलटे असतील तर अर्थिंगच्या पिनेवर १२० व्होल्ट येतात, म्हणजे ट्रेलरचं अख्खं धातूचं अंग जिवंत होतं. पिनांमधले आकडे मात्र सगळे बरोबर दिसतात. तीन दिव्यांचा टेस्टर हे पकडत नाही, ईएमएसही नाही. पकडतो तो स्पर्श न करता वाजणारा पेनाएवढा टेस्टर. जोडल्यावर लगेच, जमिनीवर उभं राहून, पायरीला हात लावण्याआधी तो ट्रेलरच्या अंगाजवळ नेतो. वाजला तर पेडेस्टलचा ब्रेकर बंद करायचा आणि ती जागा सोडायची. पोरं ओल्या गवतातून अनवाणी पळत येऊन दाराची कडी धरतात, म्हणून हे मी एकदाही टाळत नाही.

पुढचं काम एसीला सॉफ्ट स्टार्टर बसवण्याचं. सुरू होतानाचा करंट कमी झाला की तेवढ्या क्षणापुरतं बसणारं व्होल्टेजही कमी बसेल, आणि छोट्या जनरेटरवर एसी सुरू होईल अशी आशा आहे. आधी क्लॅम्प मीटरने आत्ताचे आकडे टिपून ठेवतोय, मगच छतावर चढणार.