पुस्तके नकोत, वर्षाची वर्गणी द्या

आजची दुपार विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुनी वृत्तपत्रे चाळण्यात गेली. बांधीव खंडाचे पान उलटताना कितीही जपले, तरी कडेचा तांबूस पापुद्रा बोटाला चिकटून येतच होता. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कागदात आम्ल तयार होते आणि तो आतूनच ठिसूळ होत जातो. उलट त्याहून कितीतरी जुने, हातकागदावरचे मोडी दप्तर शेजारच्याच टेबलावर अजून खणखणीत होते.

परतताना मित्रांशी बोलणे झाले ते देणगीदार सदस्यत्वाविषयी, म्हणजे दरवर्षी वर्गणी भरून अशा ग्रंथालयाला मदत करण्याविषयी. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाचे मित्रमंडळ १९२५ पासून सभासदांच्या वर्गणीतून ग्रंथालयाला हातभार लावत आले आहे. वर्गणीवर वाचनालय उभे करणे आपल्याला तरी कुठे नवे आहे? कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिराचा इतिहास थेट १८५० पर्यंत मागे जातो. मात्र संशोधन ग्रंथालयाचा सभासद स्वतःच्या वाचनासाठी नव्हे, तर पुढे कधीतरी येणाऱ्या अभ्यासकासाठी पैसे भरतो, आणि हे लोकांना पटवून देणे अवघड जाते.

आपल्याकडे देणगी म्हटली की माळ्यावरची पुस्तके पोत्यात भरून पाठवण्याचीच हौस अधिक (त्यात गाईडेही असतात!). ती निवडायची, नोंदवायची आणि ठेवायची कुठे, हा भार मात्र ग्रंथपालांवर पडतो. त्यापेक्षा दरवर्षी ठरावीक रक्कम मिळाली, तर आम्लरहित खोकी, पानांची डागडुजी, स्कॅनिंग अशा कोणाचेही नाव न लागणाऱ्या कामांचे नियोजन करता येते. आमच्यापैकी तिघे तयार आहेत. सोमवारी ग्रंथपालांना भेटून पैसे कोणत्या खात्यात आणि कोणत्या अटींवर स्वीकारता येतील, हे विचारणार आहोत.